गाडी होण्याआधीची गाडी

विमा कंपनीला सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची असते: वस्तू कोणती? घर असेल तर पत्ता, माणूस असेल तर जन्मतारीख, मोटार असेल तर नंबर. एवढे कळले की पुढचा हिशेब सुरू होतो. पण काही वस्तूंवर पैसा खर्च झालेला असतो, श्रम ओतलेले असतात, चोराला त्या हव्या असतात, आगीत त्या जळू शकतात. फक्त त्यांना अजून नाव मिळालेले नसते. ब्रिटनमधली किट कार ही अशी वस्तू आहे. सुट्या भागांच्या रूपात विकत घ्यायची आणि मालकाने घरच्या गॅरेजात स्वतः जोडायची ही मोटार. पोलादी नळ्यांची चासी, फायबरग्लासची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, सस्पेन्शन, वायरिंग असे भाग कारखान्याकडून येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स कधी किटबरोबर मिळतात, तर कधी जुन्या गाडीतून काढून बसवले जातात. काम चालते ते संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. कुणाची गाडी काही महिन्यांत रस्त्यावर उतरते, कुणाची काही वर्षांनी.

खोकी घरात आल्यापासून नंबरप्लेट लागेपर्यंतचा हा मधला काळ या प्रकरणाचा विषय आहे. मालकाचा सर्वाधिक पैसा याच काळात अडकतो आणि विम्याचे ओळखीचे मार्ग नेमके याच काळात त्याच्या उपयोगी पडत नाहीत. अपुऱ्या वस्तूलाही किंमत असते, आणि ती किंमत कागदावर आणण्याची जबाबदारी मालकाची असते. हे एकदा मनावर घेतले की बाकीच्या गोष्टी समजायला अवघड नाहीत.

करातून जन्मलेला छंद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटनने खरेदी कर लावला आणि युद्ध संपल्यावरही तो चालू राहिला. तयार मोटार घेणाऱ्याला तो भरावा लागे. सुटे भाग घेऊन स्वतः गाडी जोडणारा त्यातून सुटत असे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनांची, उघडी, अत्यंत हलकी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. बेताच्या पगारावर जगणाऱ्या तरुणालाही ती किटच्या रूपात परवडू लागली, आणि ब्रिटनमधल्या कितीतरी गॅरेजांतून मोटारी आकार घेऊ लागल्या.

१ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि किटची ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क ग्रॅहम निअर्न यांच्या केटरहॅम कार्स या कंपनीकडे सोपवले. कराचे कारण उरले नाही, पण छंद टिकला. केटरहॅम सेव्हन आजही किटच्या रूपात मिळते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे, अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याची वाट दाखवणारे पुस्तक आले. त्यातून ‘लोकॉस्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरगुती मोटारींची एक शाखाच उभी राहिली. तिथे चासीसुद्धा मालक स्वतः वेल्डिंग करून बनवतो.

हा इतिहास विम्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकाच्या गॅरेजात नामांकित कंपनीचे, बिलासह आलेले पंचवीस हजार पौंडांचे किट असते. दुसऱ्याच्या गॅरेजात नळ्या कापून बनवलेला सांगाडा आणि जुन्या फोर्डचे इंजिन असते. दोघांच्या हातातली वस्तू ‘किट कार’ याच नावाने ओळखली जाते, पण तिची किंमत सिद्ध करण्याच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या आहेत.

मोटार कधीपासून मोटार?

ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर मोटार वापरायची तर दुसऱ्याला होणाऱ्या हानीचा विमा १९३० पासून सक्तीचा आहे. आज ही तरतूद १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्याच्या १४३ व्या कलमात आहे. यांत्रिक शक्तीवर चालणारे आणि रस्त्यावर वापरण्यासाठी योजलेले किंवा तसे अनुकूल केलेले वाहन म्हणजे मोटार, अशी व्याख्या त्याच कायद्यात आहे. वाचताना ती सरळ वाटते. पण इंजिन नसलेल्या गाडीचे काय?

हा प्रश्न तिथल्या न्यायालयांपुढे आला, तो बांधल्या जाणाऱ्या नव्हे तर मोडक्या गाड्यांच्या निमित्ताने. १९६१ च्या ‘न्यूबेरी विरुद्ध सिमंड्स’ खटल्यात गाडीला इंजिनच नव्हते. ते लवकरच परत बसवले जाण्याची शक्यता असेल, तर केवळ इंजिन नाही म्हणून ती यांत्रिक वाहन राहत नाही असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्याच वर्षी ‘स्मार्ट विरुद्ध अ‍ॅलन’ खटल्यात भंगाराच्या भावाने घेतलेली एक गाडी आली. तिचे इंजिन गंजून बंद पडलेले होते आणि गिअरबॉक्स गायब होता. ती पुन्हा स्वतःच्या बळावर चालेल अशी वाजवी शक्यता नसल्यामुळे ती यांत्रिक वाहन नाही, असा निर्णय झाला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले की कायद्याची नजर कुठे आहे ते कळते. समोर किती भाग आहेत यापेक्षा पुढे काय होण्याची शक्यता आहे याला तो महत्त्व देतो. किट कारचा सारा प्रवास हा या शक्यतेकडे जाण्याचाच असतो. म्हणून ती नेमकी कोणत्या दिवशी ‘सुटे भाग’ न राहता ‘वाहन’ होते, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. वाद निर्माण होतात ते याच अनिश्चिततेतून.

खासगी जागेबद्दलही मधल्या काळात मोठी खळबळ झाली. स्लोव्हेनियात एका शेतावर गवताचे गठ्ठे माळ्यावर चढवण्याचे काम चालू असताना ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर मागे घेतला गेला आणि शिडीवरचा माणूस खाली पडला. ‘व्नुक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितले की, वाहनाचा त्याच्या नेहमीच्या कामाशी सुसंगत असा कोणताही वापर विम्याच्या सक्तीत येतो, मग तो खासगी जागेत का असेना. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर २०२२ मध्ये खास कायदा करून हा निकाल आपल्या कायद्यातून काढून टाकला. त्यामुळे स्वतःच्या बंद गॅरेजातल्या अर्धवट गाडीचा विमा तिथे सक्तीचा नाही.

इंजिन देणाऱ्या जुन्या गाडीचे मात्र तसे नाही. ती नोंदणीकृत असते. ब्रिटनमध्ये २०११ पासून नोंदणीकृत गाडी एकतर विम्याखाली हवी किंवा ती रस्त्यावर नसल्याचे निवेदन स्वॉन्सी येथील वाहन परवाना कार्यालयाकडे दिलेले हवे. नव्या गाडीच्या उत्साहात जुन्या गाडीचे हे कागद विसरले की घरी दंडाची नोटीस येते.

दोन पॉलिसींमधली फट

कायद्याने सक्ती केलेली नाही म्हणून गरज संपत नाही. गॅरेजला आग लागली तर नुकसान भरून कोण देणार?

मालकाला पहिल्यांदा घराची पॉलिसी आठवते. परंतु घरसामानाच्या विम्यातून यांत्रिक वाहने बहुधा वगळलेली असतात. अनेक पॉलिसींत त्यांचे सुटे भागही वगळलेले असतात. दुसरी आठवते ती मोटारीची पॉलिसी. ती नोंदणी क्रमांकावर दिली जाते आणि या गाडीला नंबर अजून मिळायचा आहे. घराचा विमा म्हणतो ही गाडी आहे. गाडीचा विमा म्हणतो ही अजून गाडी नाही. दोन्ही हप्ते वेळेवर भरणारा माणूस दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततो. हे त्याला कळते, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

दुसऱ्याच्या नुकसानीबाबत ही फट आणखी खोल आहे. इंग्लंडमध्ये २०१० साली एक फिटर आपल्या मालकाच्या परवानगीने कामाच्या जागी स्वतःची गाडी दुरुस्त करत होता. गंजलेला तळ वेल्डिंगने नीट करायचा होता, म्हणून त्याने फोर्कलिफ्टने गाडी एका बाजूवर उचलली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी गाडीतल्या सामानाने पेट घेतला, आग इमारतीत आणि शेजारच्या इमारतीत पसरली. नुकसान वीस लाख पौंडांहून अधिक होते. इमारतीच्या विमा कंपनीने ते भरून दिले आणि मग फिटरच्या मोटार-विमा कंपनीकडे वसुली मागितली. खालच्या न्यायालयांत निकाल उलटसुलट लागले. अखेर २७ मार्च २०१९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: गाडी दुरुस्त करणे म्हणजे गाडी ‘वापरणे’ नव्हे. आग दुरुस्तीतल्या निष्काळजीपणामुळे लागली, वाहनाच्या वापरामुळे नाही. म्हणून मोटारीच्या पॉलिसीवर ती जबाबदारी येत नाही.

ज्या गाडीला नंबर होता आणि चालू विमा होता, तिच्या बाबतीत हे घडले. किट बांधणारा तर महिनोन्‌महिने वेल्डिंग, ग्राइंडिंग, पेट्रोल आणि रेझिन यांच्या सोबतीनेच काम करत असतो. भिंत सामायिक असलेल्या घरात राहणाऱ्याने केवळ आपल्या भागांचा विचार करून भागत नाही. भिंतीपलीकडच्या कुटुंबाचाही विचार त्याला करावा लागतो. ‘जोडणीचे काम करताना माझ्या हातून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर ही पॉलिसी उभी राहील का?’ हा प्रश्न विमा कंपनीला लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

अपुऱ्या वस्तूचा विमा

विमा व्यवसायाला अपुऱ्या वस्तू अनोळखी नाहीत. बांधणी चालू असलेल्या जहाजाचा विमा सागरी विम्यात फार पूर्वीपासून उतरवला जातो. बांधकामातील सर्व जोखमींची पहिली पॉलिसी १९२९ मध्ये लंडनच्या लँबेथ पुलासाठी दिली गेली, असे या व्यवसायाच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्यामागची जाणीव साधी आहे: पूर्ण झालेल्या पुलापेक्षा अर्धा पूल अधिक नाजूक असतो आणि त्याची किंमत रोज वाढत असते.

हीच जाणीव ब्रिटनमधल्या, छंदाच्या गाड्यांत मुरलेल्या विमा दलालांनी गॅरेजात आणली. ते बांधणीच्या काळासाठी वेगळी पॉलिसी देतात. तिच्यासाठी नोंदणी क्रमांक लागत नाही. चासी क्रमांक, भागांची यादी आणि गाडी ठेवण्याचा पत्ता पुरतो. आग, चोरी, वादळ, पूर आणि काही पॉलिसींत अपघाताने झालेली मोडतोड तिच्यात येते. चूक मालकाच्या हातची असेल किंवा दोष वस्तूतच असेल तर ते नुकसान येत नाही: चुकीचे जोडलेले वायरिंग, फसलेले वेल्डिंग, सावकाश धरलेला गंज, मुळात सदोष असलेला भाग. आपल्या कौशल्याची हमी विमा देत नाही. अचानक आणि बाहेरून कोसळणाऱ्या संकटापुरताच तो असतो. गाडी रस्त्यावर चालवण्याची मुभाही या पॉलिसीत नसते. हत्यारे आणि वेल्डिंग मशीन तिच्यात धरली आहेत का, हेही वेगळे पाहावे लागते. अनेकदा त्यांची स्वतंत्र नोंद करावी लागते.

विमा घेताना विचारलेल्या प्रश्नांना खरी आणि नेमकी उत्तरे द्यावीत. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचे ओझे हलके केले. न विचारलेली माहिती आपणहून शोधून सांगायची सक्ती आता नाही, पण उत्तर देताना वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. ‘गॅरेजला कुलूप असते का?’ याला ‘हो’ म्हणून दार उघडे टाकणाऱ्याचा दावा अडचणीत येतो.

वाढती किंमत, जुनी रक्कम

किट कारच्या विम्यात सर्वांत जास्त नुकसान होते ते रकमेच्या बाबतीत. पूर्ण गाडीची किंमत दरवर्षी घसरते. बांधल्या जाणाऱ्या गाडीची दर महिन्याला वाढते. सुरुवातीला घरात फक्त चासी आणि दोन खोकी असतात, म्हणून मालक समजा नऊ हजार पौंडांचा विमा उतरवतो. वर्षभरात इंजिन, चाके, सीट, घड्याळांचा डॅशबोर्ड येतो. किंमत अठरा हजारांवर जाते, पॉलिसी मात्र नऊ हजारांवरच असते.

आता एका कोपऱ्यात आग लागून सहा हजारांचे नुकसान झाले. मालकाला वाटते, सहा हजार तर नऊ हजारांच्या आतच आहेत, सगळे मिळतील. पण पॉलिसीत सरासरीची अट असेल तर हिशेब वेगळा होतो. मालकाने निम्म्याच किमतीचा विमा उतरवला, म्हणजे उरलेल्या निम्म्याची जोखीम त्याने स्वतःकडे ठेवली असे धरले जाते. भरपाईही निम्मीच, तीन हजार पौंड. उपाय एकच: मोठा भाग आला की त्याच आठवड्यात रक्कम वाढवून घेणे. अमेरिकेत काही खास विमा कंपन्या बांधणीच्या काळात ही रक्कम ठरावीक अंतराने आपोआप वाढवत नेणारे संरक्षण देतात.

श्रमाचा प्रश्न याहून अवघड आहे. शेकडो तास काम केलेल्या माणसाला भरपाईत फक्त भागांची बिले मिळाली, तर आपला अर्धा वाटा हिशेबातून गळाला असे त्याला वाटते आणि ते खरेही आहे. आगाऊ ठरले नसेल तर विमा कंपनी वस्तूंचेच पैसे देते. श्रमाची किंमत धरायची असेल तर ‘ठरलेल्या मूल्याची’ पॉलिसी मागावी. तीत नुकसान होण्याआधीच दोन्ही पक्ष किंमत मान्य करतात. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात अशा पॉलिसीची स्पष्ट तरतूद आहे. जुन्या आणि दुर्मिळ मोटारींच्या विम्यात ती आता नेहमीची झाली आहे. त्यासाठी जाणकाराचे मूल्यांकन आणि फोटो द्यावे लागतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवावी. तीत प्रत्येक बिल, प्रत्येक भागाचा क्रमांक, इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक ठळक दिसेल असा फोटो, आणि दर टप्प्याला चारही बाजूंनी काढलेले तारीखवार फोटो असावेत. जत्रेत किंवा ओळखीत रोखीने घेतलेल्या जुन्या भागासाठी विकणाऱ्याची सही असलेली चिठ्ठीही चालते. ही फाइल विमा कंपनीला किंमत दाखवते, चोरी झाली तर पोलिसांना ओळख देते, आणि शेवटी नोंदणीच्या वेळी गाडी खरोखर कशातून बांधली याचा पुरावा होते. ती घरातच, गाडीशेजारच्या फळीवर ठेवू नये. एक प्रत दुसरीकडे असावी, कारण फळीही त्याच आगीत जळते.

ठेवलेली गाडी

बांधणीच्या काळात गाडी एका जागी असते हा समज चुकीचा आहे. चासी घरी, इंजिन मशीन-शॉपमध्ये, बॉडी रंगाऱ्याकडे आणि चाके मित्राच्या शेडमध्ये असे तिचे भाग चार ठिकाणी विखुरलेले असतात. पॉलिसी मात्र एका पत्त्यावर दिलेली असते. एखादा भाग बाहेर पडला की तो संरक्षणाबाहेर पडला, असे समजूनच चालावे आणि आधी विमा कंपनीला कळवावे. रंगाऱ्याचा किंवा मशीन-शॉपचा स्वतःचा विमा असतो, पण तो सहसा त्यांच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीपुरता असतो. त्यांच्याकडे चोरी झाली आणि त्यांचा दोष नसेल, तर ग्राहकाच्या हाती काही येईलच असे नाही.

भाड्याने घेतलेल्या साठवण-खोल्यांचेही नियम असतात. तिथे पेट्रोल ठेवता येत नाही, वेल्डिंग करता येत नाही, आणि मालाचा विमा ग्राहकानेच दाखवायचा असतो. भाडेकराराचे कलम आणि पॉलिसीचे कलम एकमेकांच्या विरोधात तर नाही ना, हे तिथे सामान हलवण्याआधी तपासावे.

ठेवण्याची पद्धतही महत्त्वाची. फायबरग्लासचा भाग चुकीच्या टेकूवर महिनोन्‌महिने दाबून राहिला की वाकडा होतो, त्याच्या वरच्या थराला ताऱ्याच्या आकाराच्या भेगा पडतात. असे सावकाश होणारे नुकसान विम्यात येत नाही. खोकी जमिनीपासून वर, फळ्यांवर ठेवावीत. इंजिनातले पाणी काढून टाकावे, नाहीतर तिथल्या हिवाळ्यात ते गोठून ब्लॉक फुटतो. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. महागडे छोटे भाग, विशेषतः इंजिनाचा संगणक, घरात आणावेत आणि त्यांच्यावर खूण करून ठेवावी. नंबर नसलेली वस्तू विकायला चोराला सोपी जाते.

वाटेवरची गाडी

किट कारचा पहिला प्रवास कारखान्यापासून घरापर्यंतचा. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. मात्र विक्रेत्याने न सुचवलेला वाहतूकदार ग्राहकाने स्वतः ठरवला, तर माल त्या वाहतूकदाराच्या हाती जाताच जोखीम ग्राहकाकडे येते. थोडे भाडे वाचवण्यासाठी ओळखीचा टेम्पो पाठवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने भरलेली असेल आणि किटची किंमत १०० पौंडांपेक्षा अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाचाही आधार मिळतो. कारखाना बुडाला तरी कार्ड देणाऱ्या बँकेकडे दाद मागता येते. छोट्या कारखान्यांच्या या व्यवसायात ही मोठीच सोय आहे, कारण विक्रेत्याचे दिवाळे हा गॅरेजच्या पॉलिसीचा विषय नसतो.

दुसरा प्रवास स्वतःच्या ट्रेलरवरचा. ओढणाऱ्या गाडीची पॉलिसी ट्रेलर जोडलेला असताना दुसऱ्यांना होणारी हानी बहुधा भरून देते. ट्रेलरचे आणि त्यावरच्या सामानाचे नुकसान सहसा देत नाही. पट्टा सैल सुटून चासी महामार्गावर घसरली, तर मागच्या गाडीवाल्याला भरपाई मिळेल, चासीच्या मालकाला नाही. त्यामुळे बांधणीच्या पॉलिसीत ‘वाहतुकीदरम्यान’ हे शब्द आहेत की नाहीत ते वाचावे, आणि चढवताना-उतरवताना होणारे नुकसान त्यात धरले आहे का हेही विचारावे. उतारावरून चासी ढकलत खाली आणताना वजन एका बाजूला गेले की हातातून सुटायला वेळ लागत नाही.

तिसरा प्रकार व्यावसायिक वाहतूकदाराचा, आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. ‘ट्रकवाल्याचा विमा आहे’ हे ऐकून मालक निश्चिंत होतो. ब्रिटनमधले पुष्कळ वाहतूकदार रोड हॉलेज असोसिएशनच्या छापील अटींवर माल नेतात. त्या अटींत जबाबदारीची मर्यादा टनामागे १,३०० पौंड आहे. सेव्हनच्या जातीची गाडी साधारण ५०० किलोची असते, म्हणजे अर्धा टन. पंचवीस हजार पौंडांची गाडी ट्रकवरून पडून तिचा चुराडा झाला, तर या अटीनुसार मिळतील ६५० पौंड. विटांच्या आणि धान्याच्या मालाला शोभणारा हा हिशेब हलकेपणासाठीच बांधलेल्या गाडीवर फार अन्याय करतो: बांधणाऱ्याने जितके वजन वाचवले, तितकी भरपाई घटते. देशाबाहेर रस्त्याने माल जात असेल तर १९५६ चा जिनिव्हा करार लागू होतो. त्याची मर्यादा किलोमागे ८.३३ विशेष आहरण अधिकार, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात मोजली जाते. ५०० किलोला ४,१६५. ही मर्यादा देशांतर्गत मर्यादेपेक्षा कितीतरी बरी असली तरी पूर्ण किमतीच्या जवळ जात नाही. वाहतूकदाराची जबाबदारी आणि आपल्या मालाचा विमा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रवासापुरता मालविमा स्वतः घ्यावा, पूर्ण किमतीचा.

माल हाती येताच, सही करण्याआधी तपासावा. खोके दबलेले दिसले तर पावतीवर तसा शेरा लिहावा आणि तिथेच फोटो काढावा. जिनिव्हा करारानुसार वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना सात दिवसांत द्यावी लागते. खोकी न उघडता महिनाभर रचून ठेवणाऱ्याचा हक्क तिथे कमजोर पडतो. निकृष्ट पॅकिंगमुळे झालेले नुकसान मालाच्या विम्यातूनही वगळलेले असते. म्हणून भाग गुंडाळतानाचे फोटोही फाइलमध्ये ठेवावेत.

नाव मिळण्याचा दिवस

गाडी पूर्ण झाली की तिला एकेका वाहनासाठी असलेल्या सरकारी तपासणीतून जावे लागते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीच्या जागी २००९ मध्ये आजची आयव्हीए तपासणी आली. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, आरसे, बाहेर आलेल्या धारदार कडा असे सगळे तीत पाहिले जाते. वेळ आधी ठरवलेली असेल तर नंबर नसलेली गाडीही चालवत तपासणी केंद्रावर नेता येते. त्यासाठी चासी क्रमांकावर रस्त्याचा विमा असलाच पाहिजे. बांधणीची पॉलिसी इथे उपयोगाची नाही. अनेक बांधणारे शहाणपणाने गाडी ट्रेलरवर नेतात. मग वरची ट्रेलरची सगळी काळजी पुन्हा लागू होते.

तपासणी पार झाली, कागद स्वॉन्सीला गेले आणि नंबर आला की बांधणीची पॉलिसी संपवून मोटारीची पॉलिसी सुरू करायची. नव्याने जोडलेली गाडी पहिल्या काही आठवड्यांत गॅरेज आणि रस्ता यांच्यामध्ये सतत येजा करत असते. नट आवळायचे असतात, सेटिंग बदलायचे असते. या काळात दोन पॉलिसींमध्ये एका दिवसाचेही अंतर राहू देऊ नये.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात घरी जोडलेल्या मोटारीला अशी वाट नाही. मोटारीच्या प्रत्येक नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहार कारागिराने भंगारातून छोटी जीप बांधली आणि २०२१ च्या अखेरीस तिचे देशभर कौतुक झाले. नियमांत न बसणारी ही गाडी रस्त्यावर चालू दिली जाणार नाही, हे ओळखून आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. कौशल्य आपल्याकडेही आहे. ते नोंदणीपर्यंत नेणारा सरकारी मार्ग नाही.

पण जुन्या जीप, फियाट, बुलेट खोलून नव्याने उभ्या करणारे हात मुंबई-पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत आहेत, आणि खोललेली गाडी ही विम्याच्या दृष्टीने किट कारच असते. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले, त्यामुळे हे काम वाढणारच आहे. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य आपल्याकडे कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. तेव्हा मूल्यांकन आणि फोटो पुढे करून ते वाढवून मागता येते. वापरात नसलेल्या गाडीसाठी फक्त आग आणि चोरीपुरते संरक्षण घेण्याची तरतूद भारतीय मोटार टॅरिफमध्ये आहे. ती विचारून घ्यावी. ट्रकने गाडी पाठवताना वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित असते. त्यापुढची किंमत सुरक्षित करायची तर मालाची किंमत आधी जाहीर करावी किंवा अंतर्गत वाहतुकीचा विमा घ्यावा. त्यातले ‘ए’ कलम सर्व जोखमींचे आहे. ‘बी’ कलम टक्कर, वाहन उलटणे, आग अशा नाव घेतलेल्या संकटांपुरतेच. आणि भारतात विमा घेणाऱ्यावर परम सद्‌भावाचे बंधन पूर्ण लागू आहे: गाडी खोललेली आहे, इंजिन दुसऱ्या ठिकाणी आहे, हे कंपनीने विचारले नाही तरी आपण सांगितले पाहिजे.

स्वतःच्या हाताने यंत्र उभे करणे हे मोठ्या प्रतिष्ठेचे काम आहे, आणि त्याचे रक्षणही त्याच निष्ठेने व्हायला हवे. विमा गेलेले तास परत देत नाही. पण पुन्हा चासी मागवण्याइतके बळ तो देऊ शकतो, आणि ज्याच्याकडे ते बळ उरते तोच दुसऱ्यांदा सुरुवात करतो. त्यासाठी पॉलिसीत पुढे कधीतरी तयार होणारी गाडी लिहून उपयोग नाही. आज ती जशी आहे, जिथे आहे आणि जितक्या किमतीची आहे, तेच लिहिलेले असावे. आणि यातले काहीही बदलले की स्पॅनर खाली ठेवून आधी कंपनीला कळवावे.